सारवलेली चढण

“सर, हे चाक मी पुढं फिरवलं की पलीकडचं मागं का फिरतंय?”

विठा ट्रकचं मागचं चाक दोन्ही हातांनी धरून उभी होती. ट्रकचा मागचा भाग आम्ही जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवला होता आणि गाडी गिअरमध्ये टाकली होती. पलीकडच्या चाकापाशी तिचा धाकटा भाऊ धुळू राखण करत बसला होता. तो त्या चाकाहून जेमतेम वीतभर उंच.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“मला काही वाटलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?”

“मग पुन्हा फिरव. आणि बघत राहा.”

तिनं पुन्हा फिरवलं. धुळूच्या बाजूचं चाक उलटं गेलं आणि धुळू ओरडला, “माझं चाक ऐकत न्हाय!”

स्वयंपाकघराच्या दारातून शालन, म्हणजे आमचं कुटुंब, हे सगळं बघत होती. म्हणाली, “लोक सुट्टीत पोरांना लाडू देतात. आमच्याकडं ग्रीस देतात.”

“मग तू लाडू दे की.”

“हात बघा आधी त्यांचे. आणि तुमचेही बघा.”

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा नुकताच आयटीआयमधून निवृत्त झालो होतो. मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी उमर गेली. घरी बसल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही, तेव्हा लष्कराच्या लिलावातून एक जुना फोर-बाय-फोर ट्रक आणला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला. छोटाच ट्रक, पण चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारा. नुसता दुरुस्त करून ठेवायचा, एवढाच विचार होता. त्याला काम मिळालं ते नंतर.

आमच्या आडाळे गावाच्या वर, जंगलात, गवळी धनगरांचा एक वाडा आहे. आठ-दहा घरं, त्यांच्या म्हशी, आणि चहूबाजूंनी रान. वरची चौथीपर्यंतची शाळा मुलं कमी म्हणून बंद झाली. मुलं खाली आमच्या शाळेत चालत यायला लागली. मग दिवाळीच्या आसपास वाटेत एका माणसाला अस्वलानं फाडलं आणि मुलांचं येणं थांबलं. रविवारी तेवढा विठाचा मामा, खाली गावात राहून दुधाचा टेम्पो चालवणारा जनू, वर जाऊन दुधाच्या कळशा घेऊन उतरणाऱ्या माणसांच्या सोबतीनं पोरांना खाली आणायचा आणि माझ्या शेडमध्ये सोडून जायचा. रोज शाळेच्या वेळेला जाता-येता सोबत करायला कुणाला सवड असणार?

जूनपासून दोनच मार्ग होते. एक, तालुक्याच्या वसतिगृहात मुलं ठेवायची. तिथल्या साहेबांनी जागा राखून ठेवली होती. दुसरा मार्ग माझ्या शेडमध्ये लोखंडी घोड्यांवर उचललेला उभा होता. लाकूडतोडीच्या काळातला एक कच्चा रस्ता वाड्याच्या अलीकडच्या कातळापर्यंत जात होता. त्या कातळावरून गाडी चढली, तर मुलं रोज शाळेत येऊन संध्याकाळी घरी झोपायला जाणार होती.

विठाला बारावं लागलं होतं. वसतिगृहाचं नाव काढलं की ती भलतंच काहीतरी विचारायची. एकदाच म्हणाली, “मी राहीन हो सर. पण धुळू रात्री उठून माझा हात शोधतो. तिकडं पोरांची खोली वेगळी हाय.”

मग आम्ही दोघांनी त्या विषयावर बोलणं बंद केलं आणि पाने हातात घेतले.

कामाला काही तोटा नव्हता. कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे थकून सरळ झाले होते. त्यात एकेक जादा पाटा घालून गाडी उंच केली, म्हणजे खालचं पोट दगडाला घासू नये. रुंद, खोल नक्षीचे टायर बसवले. तेल गळणारी सिलं बदलली, ब्रेकचे लायनर नवे घातले. हौद्यात दोन बाकं, वर पाइपांचा पिंजरा, आणि प्रत्येक जागेला पट्टा. जोडकाम मी केलं, पण नट आवळले मुलांनी. माझी एक सवय होती. मूल काम करत असलं की मी हात पाठीमागं बांधून उभा राहायचो. चुकलं तर चुकू द्यायचं. उलटा बसवलेला वॉशर काढताना जे कळतं, ते सांगून कळत नाही. जनूही रोज दुधाचा टेम्पो लावून झाला की येऊन चालवायला शिकायचा. टेम्पो तो बरा चालवत होता, पण या ट्रकचे दोन जादा दांडे, एक चारही चाकं जोडायचा आणि एक मंद चालीच्या लो गिअरचा, पाहून त्याला घाम फुटायचा.

“सर, हे दोन दांडे म्हणजे दोन बायका झाल्या,” तो म्हणायचा. “एकीला हात लावला की दुसरी रुसते.”

“लग्न झालंय का तुझं?”

“न्हाय. म्हणून तर भ्या वाटतंय.”

तर त्या दिवशी विठाचा प्रश्न तसाच राहिला होता. मी शेडमधला बांबू काढला. जनूही बघायला दारात उभा राहिला. त्याचं एक टोक विठाच्या हातात दिलं, दुसरं धुळूच्या, आणि मी मधोमध धरलं.

“हा बांबू म्हणजे मागचा एक्सल. तुम्ही दोघं चाकं. मी इंजिन. मी ढकलणार. विठा, तू पाय रोवून उभी राहा. धुळू, तू कसाही राहा.”

मी ढकललं. विठा जागची हलली नाही. धुळू हलकाच, त्याचं टोक बांबूसकट भर्रकन पुढं गेलं आणि तो विठाभोवती अर्धं रिंगण धावत जाऊन थेट शालनच्या वाळवणावर पडला.

“बघितलंस? मी ढकललं मधोमध. पण सगळा जोर गेला कुणाकडं?”

“धुळूकडं. कारण त्याला काही लागतच न्हाय.”

“अगदी बरोबर. एक्सलच्या पोटातली चक्रं हेच करतात. मी मध्यच घट्ट धरून ठेवला, तर एक टोक पुढं गेलं की दुसरं मागं जाणार, तेच मघाशी चाकांचं झालं. जे चाक सहज फिरतं, त्यालाच फिरवत बसतात. वळणावर त्याचा उपयोग होतो. पण एक चाक चिखलात असलं, तर तेच गरगरणार आणि खडकावरचं नुसतं उभं राहणार.”

“मग तेव्हा काय करायचं?”

मी उत्तर देणार नव्हतोच. पण तेवढ्यात शालन पापडांचा हिशेब मागायला आली आणि तो धडा तिथंच मोडला.

मे महिन्याच्या अखेरीला वाड्यावरचे नवलू आजा गाडी बघायला खाली उतरले. वाड्यातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांच्या शब्दाबाहेर तिथं म्हैसही जात नव्हती. त्यांनी ट्रकला एक फेरी घातली, काठीनं टायर ठोकले, वाकून खाली पाहिलं, बॉनेटवर हात फिरवला.

“दात बघायचे राहिले,” शालन माझ्या कानात पुटपुटली.

आजा बाकावर टेकले. बशीतून चहा संपवला. मग म्हणाले, “चढंल का?”

“चढेल, नवलूबा.”

“कोन चढवनार?”

“जनू. मी शेजारी बसेन.”

“रोज बसनार हाय का तुम्ही?”

मी रिकाम्या कपबशा उचलायला लागलो.

“मग त्या दिशी बी नका बसू. मागनं चालत या. आनि मास्तर, तोंड उघडायचं न्हाय. तुम्ही बोलल्यावर जनूला जे सुचंल, ते जनूचं न्हवं.” त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. “पोरांच्या वजनाची पेंडीची पोती भरा. कुनी ढकलायचं न्हाय, दोरी लावायची न्हाय. आनि कातळावर एकदा का मागं सरली, की संपलं. मी वसतिगृहाच्या सायबाला निरोप धाडतो.”

“आजा, एकदाच?” विठानं विचारलं.

“लेकरं बसल्यावर दुसऱ्यांदा चढू म्हननार हाईस का?”

ते निघून गेल्यावर जनू म्हणाला, “म्हाताऱ्याला गाडी नकोच हाय. पोरं गेली की खाणारी तोंडं कमी, एवढंच बघतोय.” मला ते पटलं नाही, पण खोडून काढायला माझ्याजवळही काही नव्हतं. आजांचा चेहरा वाचता येण्यासारखा नव्हता.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. जनू स्टिअरिंगवर, हौद्यात पोती, आणि आम्ही बाकीचे मागं पायी. विठा माझ्याबरोबर चालत होती. धुळू आदल्या दिवशीच वर गेला होता. लाकूडतोडीच्या रस्त्यावर गाडीनं तक्रारच केली नाही. ओढे ओलांडले, आडवी मुळं ओलांडली, एका ठिकाणी इतकी कलली की जनू खिडकीतून अर्धा बाहेर आला, पण गेली. प्रत्येक अडचण सरली की विठा माझ्याकडं पाहायची आणि मी मान हलवायचो. मान हलवायला आजांनी बंदी घातली नव्हती.

वळण संपलं आणि कातळ समोर आला. वरच्या कडेला सगळा वाडा जमला होता. बाया हिरव्या-लाल लुगड्यांत, हातात ताटं. आजा काठीवर हनुवटी टेकून मधोमध.

आणि मी चढणीकडं पाहिलं.

कातळाच्या डाव्या बाजूला एक लांबट खळगा होता. तो मी ओळखत होतो, त्याचा हिशेब आम्ही कितीदा केला होता. आज तो दिसेना. तो मातीनं भरून चोपून, वरून शेणानं सारवला होता. हिरवंगार, ओलं, गुळगुळीत सारवण. कडेला रांगोळीची दोन बोटं ओढली होती. अंगण असतं, तर मी थांबून बघत राहिलो असतो.

विठाही थबकली. “आयेनं सारवलंय,” ती हलकेच म्हणाली.

वरून तिची आई, गंगू, हसून आमच्याकडं बघत होती. तिचे हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले होते. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यासाठी तिनं पहाटेपासून खपून वाट सारवली होती.

मी तोंड उघडलं. आजांनी काठीवरची हनुवटी उचलली. मी तोंड मिटलं.

जनूनं चारही चाकांचा दांडा ओढला, लो गिअर टाकला आणि गाडी कातळावर घातली. पुढची चाकं चढली. मागची चढली. उजवी चाकं कोरड्या दगडावर, डावी सारवणावर. निम्म्यावर इंजिनाचा आवाज बदलला. डाव्या बाजूची दोन्ही चाकं गरगर फिरायला लागली. शेणामातीच्या चिंधड्या उडाल्या, ताटं घेतलेल्या बाया किंचाळत मागं सरल्या. उजवी चाकं मात्र दगडावर नुसती उभी होती, देवळापुढच्या नंदीसारखी.

गाडी मागं ओढल्यासारखी झाली. जनूनं पायानं ब्रेक गच्च दाबला. गाडी थांबली.

“सरली!” कुणीतरी ओरडलं.

आजा काठी टेकत चाकापर्यंत खाली आले. वाकून पाहिलं. “न्हाय सरली. अजून न्हाय.”

जनूनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा डावी चाकं गरगरली, पुन्हा त्यानं ब्रेक दाबला. खिडकीतून त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत जे होतं, ते मी हजार विद्यार्थ्यांच्या नजरेत पाहिलं असेल. दर वेळी मी एखादा शब्द तरी टाकला होता. आज तोही टाकता येत नव्हता.

विठा माझ्याकडं बघत होती. माझ्या चेहऱ्यावर तिनं उत्तर वाचलं असतं, म्हणून मी समोरच्या जांभळीच्या झाडाकडं पाहायला लागलो. जांभळं लागली होती. ती मी मोजली असती तरी चाललं असतं, पण कान सगळे मागं होते.

इतक्यात धुळू वरून धावत सुटला. चिखल उडतोय म्हटल्यावर त्याला राहवेना. गंगूनं त्याचा सदरा मागून पकडला. तो जागच्या जागी पाय मारत राहिला.

“सोड की आये!”

“सोडते तर! चाकाखाली जायचंय का?”

मला विठाचा श्वास ऐकू आला. मग तिचा आवाज, आधी हळू, स्वतःशीच. “धुळूला धरलं तर...” आणि मग एकदम मोठा, “मामा! मामा, हातब्रेक ओढ!”

“काय?” जनू ओरडला. “वर जायचंय का थांबायचंय?”

“थोडासाच ओढ! गरगरणाऱ्या चाकाला धर म्हणजे जोर दुसऱ्याला जाईल! पूर्ण नको, थोडासाच!”

“अगं पण—”

“मामा, बांबू!”

जनूला बांबू आठवला की नाही, मला माहीत नाही. पण भाचीचा शब्द त्याला आजवर मोडता आला नव्हता. त्यानं हातब्रेकचा दांडा अर्धा ओढला आणि इंजिनाला जोर दिला. डावं मागचं चाक अडखळलं. त्याचं गरगरणं मंदावलं. आणि उजवं मागचं चाक, जे इतका वेळ नुसतं उभं होतं, ते हललं. एक नक्षी दगडावर रुतली, मग दुसरी. गाडी कण्हत, हिसके देत, सारवणावरची रांगोळी पुसत वर गेली आणि वाड्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

काय कल्ला झाला म्हणून सांगू! म्हशी दावी ताणायला लागल्या. जनू बाहीनं तोंड पुसत खाली उतरला. गंगूनं आधी गाडीला ओवाळलं, मग जनूला, मग विठाला.

“पोरीनं सांगितलं म्हणून चढली,” एकजण म्हणाला. “हे धरायचं का?”

“अट मास्तरला हुती,” आजा म्हणाले. “पोरगी रोज गाडीतच बसनार हाय.”

धुळूनं तेवढ्यात सगळ्यांसमोर तोंड उघडलं. “आये, तू सारवलंस म्हणून चाक घसरलं!”

गंगूचा हात ताटावरच थांबला. तिनं वळून चढणीकडं पाहिलं, दोन्ही चाकांच्या खुणांकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“पाव्हणा पयल्यांदा येनार, आनि उंबरा सारवायचा न्हाय व्हय?” ती म्हणाली. “मला काय ठावं. आना ते फावडं, खरडून टाकते.”

“खरडायचं न्हाय,” आजा म्हणाले.

“का?”

“पावसात हितं काय असतं? ह्याच्याहून वाईट चिखल असतो.” ते माझ्याकडं वळले. “मास्तर, लेकरं सकाळी शाळेत जात्यात ती वर का खाली?”

“खाली, नवलूबा.”

“मग ही चढून काय दावलीत? उतरून दावा.”

कल्ला निवला. आजांचं म्हणणं बरोबर होतं. ब्रेक आम्ही नवे घातले होते, ते धरत होते, त्याची मला चिंता नव्हती. चिंता जनूच्या पायाची होती. आत्ताच ब्रेकनं त्याची लाज राखली होती. आता त्या ओल्या उतरणीवर गाडीचं तोंड खाली झालं आणि ती जरा वेगानं निघाली, की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाणार होता. चाकं जाम होऊन, पाटावरून पेढा घसरावा तशी गाडी घसरत जाणार होती. खाली वळण होतं. वळणापलीकडं दरी.

जनूनं गाडी वळवून कातळाच्या तोंडाशी आणली. बसता बसता स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला, “आता काय, ब्रेक हाय की आपला.”

आजा काठी टाकून हौद्यात चढायला लागले.

“नवलूबा, तुम्ही नका बसू,” मी म्हणालो.

“मग कोन बसंल? पोती? पोती काय सांगनार, बरं वाटलं का न्हाय ते?” त्यांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. धुळूनं चढून तो त्यांना लावून दिला आणि गंगूनं धुळूला खाली ओढलं.

आता मात्र माझ्यानं राहवेना. अट गेली तर जाऊ दे, मुलं वसतिगृहात गेली तर जाऊ देत, पण हे मी बघत उभा राहणार नव्हतो. मी गाडीच्या खिडकीकडं निघालो. “जनू,” म्हणेपर्यंत विठा माझ्या आधी तिथं पोचली होती. तिनं खिडकीच्या कडेला दोन्ही हात ठेवले.

“मामा, एक विचारू?”

“आता काय?”

“आता ब्रेक दाबलास तर काय होईल?”

“थांबंल की गाडी.”

“सारवणावर?”

जनू हसला, मग हसायचा थांबला. त्यानं समोर पाहिलं. “चाकं थांबत्याल,” तो सावकाश म्हणाला. “गाडी... गाडी न्हाय थांबायची. घसरंल.”

“मग?”

“मग ब्रेक नको.”

“मग वेग कोण धरणार?”

तिनं उत्तर सांगितलं नाही. हात पाठीमागं घेतले आणि वाट बघत राहिली. मला तिचे ते पाठीमागं बांधलेले हात दिसत होते, नखांत काळं ग्रीस भरलेलं. जनूनं ओठ चावले, दोन्ही दांड्यांकडं पाहिलं, आणि एकाएकी त्याचा चेहरा मोकळा झाला.

“इंजिन! लोमधला पयला गिअर टाकायचा आनि दोन्ही पाय पेडलांवरनं काढून खाली ठेवायचे. इंजिनच धरंल.”

“भ्या वाटलं तर?”

“तरी पाय खाली.”

“बरं,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मी जिथं होतो, तिथंच थांबलो. इतकी वर्षं मी मुलांना इंजिनं उघडून दाखवली. चांगली चांगली मुलं हाताखालून गेली, कुणी कारखान्यात गेलं, कुणी परदेशात. पण आपल्यानंतरही शिकवणारं कुणी आहे, हे मला तोपर्यंत कधी दिसलं नव्हतं. ते त्या कातळाच्या तोंडाशी, परकराला ग्रीस पुसत उभं होतं.

गाडी उतरायला लागली. मुंगीच्या चालीनं. इंजिन गुरगुरत होतं, चाकं एकेक नक्षी टेकवत होती. सारवणाच्या मधोमध मागचा भाग किंचित बाजूला सरकला आणि वरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. मी जनूच्या पायाकडं बघायचा प्रयत्न केला, पण दार आड आलं. ते सरकणं एका क्षणाचं होतं. चाकं फिरतच होती, म्हणून ती पुन्हा दगडाला लागली आणि गाडी सरळ झाली. हौद्यात आजा पाइप धरून ताठ बसले होते, डोळे मिटलेले. खालच्या सपाटीवर येऊन गाडी थांबली तेव्हा जनूनं दोन्ही पाय खिडकीबाहेर काढून वरच्या सगळ्यांना दाखवले.

मी धावतच खाली गेलो. आजांचा पट्टा सोडवला. त्यांना उतरायची घाई नव्हती. ते बाकावर हात फिरवत बसून राहिले.

“माझा थोरला वसतिगृहात ऱ्हाऊन शिकला,” ते म्हणाले. विठा माझ्यामागून आली होती, तिनंही ऐकलं. “लई शिकला. सायब झाला. सणाला येतो, पाया पडतो. पर गोठ्यात पाय टाकत न्हाय, वास येतो म्हनतो. रात्री हितं झोप लागत न्हाय त्याला. त्याचं चुकलं असं न्हाय. लहान असताना ज्या घरात झोपला, तेच घर त्याचं.” त्यांनी नाक पुसलं. “ही लेकरं बी तशी जाऊ नयेत, म्हनून मला गाडी हवीच हुती, आनि म्हनूनच तिला इतकं ताणून बघत हुतो. हवी म्हनून मी डोळं मिटून हो म्हटलं, आनि लेकरांना काही झालं... मग कुठं तोंड दावू?”

जनूनं पाय आत घेतले आणि मान खाली घातली.

मी आजांना हात दिला. ते खाली उतरले, काठीसाठी चाचपले. काठी वरच राहिली होती. मग त्यांनी विठाच्या खांद्याचा आधार घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं असं पाहिलं, जणू माझ्याकडून त्यांना काही हवं होतं.

“मास्तर,” ते म्हणाले, “शाळा भरती कितीला?”